नव्वद सेकंदांची मुदत

संगणक सुरू होताना पहिली अडचण अशी येते, की डिस्क कशी वाचावी हे सांगणारी आज्ञावली स्वतःच त्या डिस्कवर ठेवलेली असते. या अडचणीतून वाट काढण्याचे जे उपाय गेल्या साठ वर्षांत योजले गेले, त्यांत काही मोठ्या चातुर्याचे आहेत आणि काही निव्वळ कालहरणाचे; आणि नवल असे, की चातुर्याचे बहुतेक उपाय कालांतराने मोडीत निघाले, कालहरण मात्र या ना त्या रूपाने प्रत्येक पिढीत टिकून राहिले. डिस्क रुजू होण्यासाठी किती वेळ थांबावे हा एक प्रश्न, आणि थांबूनही ती न आल्यास पुढे काय करावे हा दुसरा; यंत्रे रचणाऱ्यांनी पहिल्याचा जितका खल केला तितका दुसऱ्याचा केला नाही, असे हा इतिहास चाळताना मला वारंवार वाटत आले आहे.

आयबीएम कंपनीने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टम/३६० या यंत्रमालेच्या दर्शनी फलकावर तीन फिरत्या कळा असत. ज्या उपकरणावरून कार्यप्रणाली स्मृतीत आणावयाची, त्याचा पत्ता त्या कळांवर लावून चालक 'लोड' असे लिहिलेले बटण दाबी, आणि मग यंत्र त्या पत्त्यावरून पहिला तुकडा उचलून त्याच्याच आधाराने पुढचा तुकडा मागवीत असे. त्या काळच्या २३११ या डिस्कयंत्रात काढता-घालता येणाऱ्या चकत्यांची एक चवड बसवीत आणि तीत सव्वासात मेगाबाइट मजकूर मावे. चवड बसवून झाकण लावावे, चकत्यांनी पुरती गती घेऊ द्यावी, आणि सारे सिद्ध झाल्याचे पाहूनच लोडच्या बटणाकडे वळावे, असा चालकाचा शिरस्ता होता. डिस्क तयार आहे की नाही याचा निवाडा मनुष्याचे डोळे करीत, आणि मुदत म्हणाल तर ती चालकाच्या सहनशक्तीइतकी असे. हा बंदोबस्त संथ होता खरा. परंतु डिस्क रुजू न झाल्यास ती का झाली नाही हे पाहावयास कोणीतरी तिच्याजवळ उभे असे, हा त्याचा गुण पुढच्या कोणत्याही व्यवस्थेला तितक्या सहजपणे साधला नाही.

अवलंबनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो युनिक्समध्ये. केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ साली आरंभिलेली ही कार्यप्रणाली जेव्हा पीडीपी-११ या यंत्रावर आली, तेव्हा तिचा मूळ संसार एका लहान पण जलद डिस्कवर होता, आणि वापरकर्त्यांच्या फाइली 'यूएसआर' या नावाने जोडल्या जाणाऱ्या दुसऱ्या, अधिक मोठ्या डिस्कवर ठेवलेल्या होत्या. पुढे मूळ डिस्कवरील जागा अपुरी पडू लागली, तेव्हा तेथील आज्ञांपैकी काही आज्ञा दुसऱ्या डिस्कवर हलविण्यात आल्या, आणि अशा रीतीने एकाच यंत्रात आज्ञांची दोन फडताळे झाली: एक मुळाशी असलेले 'बिन', आणि दुसरे 'यूएसआर'मधले 'बिन'. यातून एक नियम आपोआप निष्पन्न झाला. दुसरी डिस्क जोडण्याचे काम करणारी 'माउंट' ही आज्ञा दुसऱ्या डिस्कवर ठेवून चालणार नाही. कारण ती डिस्क जोडली जाईपर्यंत आज्ञा सापडणार नाही, आणि आज्ञा सापडेपर्यंत डिस्क जोडली जाणार नाही. आज हे वाचताना बालबोध वाटते, तरी यंत्राच्या प्रारंभकाळी कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या आधी हवी, याचा असा लेखी-अलेखी विचार प्रथम येथेच झालेला दिसतो. जागेची ती टंचाई दहा वर्षांत संपली. फडताळांची वाटणी मात्र चाळीस वर्षे चालू राहिली आणि तिच्या समर्थनार्थ नवनवी कारणे शोधली गेली. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१२ साली, आपल्या सतराव्या आवृत्तीत, ही दोन फडताळे एकत्र केली, तेव्हा त्यावर झालेला वाद पाहून वहिवाटीला कारण लागत नाही हेच पुन्हा प्रत्ययास आले.

युनिक्सच्या प्रारंभाचा सारा जाबता 'आरसी' नावाच्या एका फाइलीत असे: अमुक डिस्क जोडा, तमुक सेवा सुरू करा, असे हुकूम एकाखाली एक लिहिलेले, आणि लिहिलेल्या क्रमानेच पाळले जाणारे. अवलंबन कोठेही उक्त नव्हते. ते ओळींच्या क्रमात अध्याहृत होते, आणि क्रम लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्याचे कारण होते. बर्कली विद्यापीठाच्या १९८० सालच्या चौथ्या बीएसडीत 'एफएसटॅब' ही फाइल आली आणि डिस्कांची एक स्वतंत्र फेहरिस्त तयार झाली: कोणते उपकरण, कोठे जोडावयाचे, कोणत्या प्रकारचे, कोणत्या अटींवर. या फेहरिस्तीचे शेवटचे सदर मला विशेष मनोवेधक वाटते. वीज अकस्मात गेल्यावर डिस्कवरील नोंदी एकमेकींशी जुळतात की नाही याची तपासणी 'एफएससीके' हा प्रोग्राम करीत असे. ती तपासणी कोणत्या फेरीत व्हावी याचा अंक त्या सदरात लिहावयाचा. मूळ डिस्कला १, बाकीच्यांना २, आणि तपासणी नकोच असल्यास ०. दुसऱ्या फेरीतील विभाग एकाच डिस्कवर असतील तर ते एकामागून एक तपासावेत, आणि निरनिराळ्या डिस्कांवर असतील तर एकदम तपासावेत, अशी तजवीज केलेली होती. कारण एकाच डिस्कवर दोन तपासण्या एकदम लावल्या तर तिची वाचनशलाका दोन्हीकडे धाव घेत राहते आणि दोन्ही कामे रेंगाळतात. एका अंकात एवढे शहाणपण साठविलेले होते! तपासणीत काही गंभीर निघाले, तर प्रारंभ तेथेच तहकूब करून यंत्र एकट्या प्रशासकापुरते उघडे राही आणि मदतीची याचना पडद्यावर लिही. आणि पडद्यासमोर बहुधा कोणीतरी बसलेले असे.

ती बैठक मोडली जाळ्यांनी. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकाच्या मध्यास एनएफएस ही व्यवस्था आणली, आणि एका यंत्राची डिस्क दुसऱ्या यंत्राला आपलीच असल्यासारखी जोडता येऊ लागली. आता डिस्क 'तयार नाही' याचा अर्थ ती फिरत नाही एवढाच राहिला नाही. जिच्याकडे ती आहे ते यंत्र बंद असेल, वाटेतली तार निखळली असेल, किंवा ते यंत्र स्वतःच अजून सुरू होत असेल. या व्यवस्थेची प्रकृतीच अशी चिवट ठेवलेली होती, की पलीकडून उत्तर आले नाही तर 'सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे' अशी इत्तला पडद्यावर देऊन ती अनिश्चित काळ प्रयत्न करीत राही. यातील सर्वांत प्रसिद्ध फजिती ही, की एका कचेरीतील दोन यंत्रे परस्परांच्या डिस्का जोडीत असत, आणि एरवी कोणा एकाचे काम अडत नसे. परंतु वीज जाऊन परत आली, आणि दोन्ही यंत्रे एकदम उठली, म्हणजे पहिले दुसऱ्याच्या डिस्कची वाट पाहत बसे, दुसरे पहिल्याच्या, आणि दोघांपैकी कोणीही आपली डिस्क देण्याइतके पुढे सरकत नसे. भारनियमनाच्या वर्षांतून गेलेल्या वाचकाला विजेचे असे एकदम येणे समजावून सांगावे लागू नये. यावर काढलेला तोडगा म्हणजे फेहरिस्तीत लिहावयाची 'बीजी' ही अट: पहिल्या प्रयत्नास यश न आल्यास तो प्रयत्न पार्श्वभूमीला टाकून यंत्राने पुढे जावे. न आलेल्या डिस्कसाठी सर्वांना अडवून न धरता, तिची वाट पाहण्याचे काम बाजूला एकाकडे सोपवावे, ही कल्पना येथे लहानशा रूपात आलेली आहे. दुर्दैव असे, की ती जाळ्यावरील डिस्कांपुरतीच राहिली.

स्थानिक डिस्कांच्या बाबतीत पुढची पंधरा वर्षे एक ओबडधोबड उपाय चालला. फिरत्या डिस्कला थंड अवस्थेतून पूर्ण गतीस येण्यास काही सेकंद लागतात, आणि त्या वेळी ती सर्वाधिक वीज ओढते; म्हणून अनेक डिस्का असलेल्या यंत्रांत त्या एकदम न फिरविता आपापल्या क्रमांकानुसार थोड्या थोड्या अंतराने फिरविण्याची सोय स्कझी डिस्कांवर असे. साहजिकच शेवटच्या क्रमांकाची डिस्क पहिल्या डिस्कहून बराच वेळ मागे राही. मार्गिकेवर कोण कोण आहे हे विचारण्यापूर्वी किती थांबावे? फ्रीबीएसडीने याचे उत्तर सरळ आकड्यात दिले: पंधरा सेकंद. स्कझी उपकरणे स्थिरावण्यासाठी पंधरा सेकंद थांबत आहे, असे वाक्य पडद्यावर उमटे, आणि मग डिस्का तीन सेकंदांत सिद्ध होवोत की चौदा, यंत्र पंधरा सेकंद स्वस्थ बसे. पुढे हा अवधी पाच सेकंदांवर आला. लिनक्समध्ये यूएसबीच्या डिस्कांसाठीही असाच पाच सेकंदांचा थांबा होता. तोही पुढे एकावर आणला गेला. या आकड्यांच्या मागे मोजमाप थोडे आणि भीती अधिक होती: सर्वांत मंद डिस्क ज्याने पाहिली त्याने आकडा लिहिला, आणि तो खाली आणण्याचे धैर्य पुढच्याला सहसा झाले नाही.

लिनक्समध्ये १९९६ साली 'इनिटआरडी' आली. मूळ डिस्क ओळखण्यासाठी लागणारी चालकप्रणाली त्याच डिस्कवर, हा जुना पेच; त्यावर वेर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मेन यांनी असा तोडगा काढला, की आवश्यक तेवढ्या वस्तूंची एक लहानशी तात्पुरती डिस्क स्मृतीतच उभारावी, तिच्या साहाय्याने खरी डिस्क शोधावी, आणि ती सापडली की तिच्याकडे कारभार सोपवून तात्पुरतीने निवृत्त व्हावे. पीडीपी-११ वरील मूळ डिस्कचे जे काम होते तेच हे. परंतु 'खरी डिस्क सापडली' म्हणजे काय, हे ठरविणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी आणलेल्या 'यूडेव्ह'ने उपकरणांचे दप्तर कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, बाहेर आणले: डिस्क आली की कर्नल वर्दी देई, आणि यूडेव्ह तिचे नाव घालून तिची नोंद करी. वर्दी केव्हा येईल याचा नेम नसे. २००६ च्या सुमारास स्कझी डिस्कांचा शोधही पार्श्वभूमीला होऊ लागला, आणि 'एसडीए' या नावाची काल जी डिस्क होती तीच आज असेल अशी खात्री उरली नाही. म्हणून फेहरिस्तीतील नावे बदलून त्या जागी छत्तीस अक्षरांचे ओळखचिन्ह, यूयूआयडी, लिहिण्याची प्रथा पडली. उबुंटूने ती २००६ सालीच स्वीकारली. नावाचा घोळ यामुळे मिटला. वेळेचा मिटला नाही. 'रूटडिले'सारखी कलमे कर्नलच्या आज्ञेत लिहून अमुक सेकंद थांबण्याची, आणि 'रूटवेट' लिहून डिस्क येईपर्यंत कितीही थांबण्याची, अशा दोन्ही सोयी एकाच वेळी नांदू लागल्या, हेच या अनिश्चितीचे द्योतक आहे.

याच सुमारास वेगाची स्पर्धाही सुरू झाली. आर्यन व्हान डे व्हेन आणि ऑके कोक यांनी २००८ साली एका लहान लॅपटॉपवर लिनक्स पाच सेकंदांत सुरू करून दाखविले, तेव्हा पंधरा सेकंदांचे थांबे हास्यास्पद वाटू लागले. मात्र त्यांच्या यंत्रात हलणारी डिस्कच नव्हती, हे टाळ्या वाजविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवे होते.

यानंतरची उबुंटूची तजवीज मला आजही मनुष्यधर्माला धरून वाटते. स्कॉट जेम्स रेमनंट यांच्या अपस्टार्ट व्यवस्थेबरोबर जोडलेला 'माउंटऑल' हा प्रोग्राम, फेहरिस्तीतील एखादी डिस्क आली नाही, तर पडद्यावर विनम्रपणे कळवी, की अमक्या जागेची डिस्क अद्याप तयार नाही किंवा हजर नाही. वाट पाहत राहावे, 'एस' दाबून ती वगळावी, किंवा 'एम' दाबून स्वहस्ते दुरुस्ती करावी. निर्णय पुन्हा मनुष्याकडे आला होता. परंतु जो सर्व्हर पन्नास कोसांवरच्या एका बंद खोलीत, पडदा आणि कळफलक यांच्यावाचून उभा आहे, तोही हाच प्रश्न विचारून एका कळेची प्रतीक्षा करीत बसे, आणि ती कळ दाबावयास कोणी येत नसे. शेवटी त्यासाठी फेहरिस्तीत 'नोबूटवेट' असा शब्द लिहिण्याची सोय करावी लागली.

सिस्टमडी या नव्या प्रारंभव्यवस्थेचा उदय या पार्श्वभूमीवर झाला. लेनार्ट पोटरिंग यांनी एप्रिल २०१० मध्ये तिची कल्पना मांडली. के सीव्हर्स हे तिच्या उभारणीत त्यांचे सहकारी होते, आणि यूडेव्हची धुराही तेव्हा त्यांच्याकडे होती. फेडोराने २०११ साली, तर डेबियन आणि उबुंटू यांनी २०१५ साली ती आपली मुख्य व्यवस्था म्हणून स्वीकारली. तिच्यात प्रथमच प्रत्येक डिस्क हा एक स्वतंत्र घटक झाला. यूडेव्हने डिस्कची नोंद केली की तो घटक जागृत होतो; त्यावर तिची तपासणी अवलंबून, तपासणीवर जोडणी, आणि सर्व स्थानिक जोडण्यांवर 'लोकल-एफएस' हा टप्पा. एफएसटॅबची जुनी फेहरिस्त वाचून ही सारी साखळी सिस्टमडी प्रारंभीच आपोआप विणते. क्रम लिहिणाऱ्याच्या डोक्यात असलेले कारण आता यंत्राला उक्त स्वरूपात मिळाले, ही चार दशकांच्या वाटचालीतील खरी प्रगती होय, आणि ठोकळ थांबे तिने निरर्थक केले. डिस्क तीन सेकंदांत आली तर यंत्र तिसऱ्या सेकंदालाच पुढे जाते. राहिला प्रश्न न येणाऱ्या डिस्कचा. तिच्यासाठी एक मुदत घालून देण्यात आली: नव्वद सेकंद.

नव्वदच का, याला वस्तुनिष्ठ उत्तर संभवत नाही. ज्या डिस्कला येण्यास शंभर सेकंद लागतात तिच्यासाठी ही मुदत थोडी, आणि जी काल काढून नेली तिच्यासाठी नव्वद सेकंद अधिक. अवलंबन लिहून ठेवणे म्हणजे जे ठाऊक आहे त्याची नोंद करणे. मुदत लिहिणे म्हणजे जे ठाऊक नाही त्याची कबुली देणे. या दोन्ही गोष्टी एकाच फाइलीत, एकाच ओळीत, शेजारी-शेजारी लिहाव्या लागतात, म्हणून त्या सारख्याच पक्क्या आहेत असा भास होतो.

याचे नित्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. एखादा हौशी मनुष्य आपल्या यंत्रावर पहिल्या लिनक्सशेजारी दुसरे लिनक्स चढवितो. दुसऱ्याचा स्थापक समोर दिसणारा 'स्वॅप' विभाग, म्हणजे स्मृतीला पूरक म्हणून राखलेली डिस्कवरील जागा, आपला म्हणून नव्याने सिद्ध करतो. त्या क्रियेत विभागाचे यूयूआयडी बदलते, आणि याची वार्ता पहिल्या लिनक्सच्या फेहरिस्तीला कोणी देत नाही. दुसऱ्या दिवशी पहिले लिनक्स सुरू करावे, तो पडद्यावर लाल चांदण्यांची एक लहान ओळ डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरू लागते, तिच्यापुढे छत्तीस अक्षरांचे ते जुने ओळखचिन्ह, आणि कंसात गेलेले सेकंद व एक मिनिट तीस सेकंद ही हद्द. ज्या नावाची डिस्क जगात उरलेली नाही तिची वाट यंत्र निष्ठेने पाहते. स्वॅपवाचून निभावते, म्हणून मुदत सरताच यंत्र पुढे जाते, आणि गृहस्थ 'हल्ली संगणक मंद झाला' अशी तक्रार करीत राहतो. हीच चूक एखाद्या साध्या माहितीच्या विभागाविषयी घडली असती, तर मुदतीनंतर 'लोकल-एफएस'चा टप्पा निष्फळ ठरून यंत्र आणीबाणीच्या अवस्थेत गेले असते आणि मूळ प्रशासकाचा परवलीचा शब्द मागते. आणि जेथे मूळ प्रशासकाचे खातेच कुलूपबंद ठेवण्याची वहिवाट आहे, तेथे खाते बंद असल्यामुळे प्रवेश देता येत नाही असे सांगून हात वर करते. डेबियनच्या आठव्या आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणांत या कडक शिस्तीविषयी मुद्दाम ताकीद द्यावी लागली होती, कारण जुन्या व्यवस्थेत न आलेल्या अशा डिस्ककडे काणाडोळा होत असे आणि लोकांच्या फेहरिस्तीत वर्षानुवर्षांच्या मृत नोंदी निर्धास्तपणे पडून होत्या. डिस्क न आली तरी यंत्र अडू नये म्हणून अशा नोंदींपुढे 'नोफेल' हा शब्द लिहावा, असा सल्ला होता. उबुंटूकरांच्या 'नोबूटवेट'ला नव्या राज्यात कोणी ओळखत नव्हते.

सांकेतिक केलेल्या डिस्कच्या बाबतीत परवलीचा शब्द विचारून यंत्र अमर्याद काळ थांबते, तसा मूळचा हुकूमच आहे. मनुष्याला अनंत मुदत आणि डिस्कला नव्वद सेकंद, हा भेद मला अन्यायाचा वाटत नाही. मनुष्य चहा घेण्यास गेलेला असू शकतो.

अधिक बिकट प्रसंग जोडडिस्कांचा. एकच मजकूर दोन डिस्कांवर दुहेरी लिहिलेला आहे, आणि सकाळी त्यांपैकी एकच रुजू झाली. दुसरी मेली, की मागाहून येत आहे? लिनक्सचे 'एमडीएडीएम' अशा वेळी तीस सेकंदांचे शेवटचे घड्याळ लावते, आणि तेवढ्यात दुसरी न आल्यास एकीवरच कारभार सुरू करते. 'बीटीआरएफएस' या फाइलव्यवस्थेची शिस्त उलट आहे: सर्व डिस्का हजर झाल्याखेरीज तिचा समूह सिद्ध झाला असे यूडेव्ह मानीतच नाही, आणि उणिवेसह चालावयाचे असल्यास 'डिग्रेडेड' हा शब्द मनुष्याने स्वतः लिहून द्यावा लागतो. पहिली कामाची खोटी टाळू पाहते. दुसरीला भय असे, की एकट्या डिस्कवर नवे लिहिले गेले आणि मग दुसरी जुनी डिस्क परत आली, तर खरे कोणाचे मानावे. दोघींचीही बाजू खरी आहे, आणि एकाच यंत्रात दोघी शेजारी-शेजारी असू शकतात.

'नोफेल'लाही दुसरी बाजू आहे, आणि ती सर्व्हर सांभाळणाऱ्यांना बहुधा उशिराने कळते. डिस्क आली नाही, यंत्र मात्र पुढे गेले, आणि त्या डिस्कवर ज्याची माहिती आहे तो डेटाबेसही सुरू झाला, तर त्याला त्या जागी रिकामी निर्देशिका दिसते. काही डेटाबेस तेथे नवा संसार थाटून लिहू लागतात. पुढे डिस्क जोडली गेली की हे नवे लिखाण तिच्याखाली झाकले जाते आणि दोन दिवसांच्या नोंदी नाहीशा झाल्याचा आकांत उठतो. म्हणून जाणते लोक फेहरिस्तीत 'नोफेल' लिहितात आणि त्याबरोबरच डेटाबेसच्या सेवेत 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' हे कलम घालतात. डिस्कची गरज ज्याला आहे त्यानेच ती सांगावी, साऱ्या यंत्राने नव्हे. मग डिस्क न आल्यास यंत्र सुरू होते, दूरवरून त्यात प्रवेश करता येतो, तो डेटाबेस तेवढा उभा राहत नाही, आणि कोणत्या डिस्कअभावी उभा राहिला नाही ते त्याच्या नोंदवहीत लिहिलेले सापडते.